छोटा संगणक घ्यावा, पण पिढी पाहून

प्रश्न : आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो. घराच्या मागच्या बाजूला आमचे टॉवेलचे चार यंत्रमाग आहेत आणि त्यांचा हिशेब मी टॅलीवर ठेवते. अकरा वर्षांपूर्वी घेतलेला असेंबल्ड संगणक आता सुरू व्हायलाच सात-आठ मिनिटे घेतो. मुलगा अकरावीला असून त्याला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायची आहे. सासूबाईंना दुपारी यूट्यूबवर तेलुगू भजने लागतात. जागा म्हणजे खिडकीखालचे एक लहान टेबल. एका पतसंस्थेत मॉनिटरच्या मागे लावलेला वहीएवढा डबा पाहिला आणि तोच मनात भरला. मॉनिटर धरून पस्तीस हजारांच्या वर जाता येणार नाही. नेहमीचे दुकानदार टॉवरच (मोठ्या उभ्या पेटीचा संगणक) घ्या म्हणतात, पुण्याचा भाचा लॅपटॉप घ्या म्हणतो. चलने छापण्याचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे तोच चालवायचा आहे. आपल्याकडचा उन्हाळा आणि सारखी जाणारी वीज, यांत एवढासा डबा टिकेल का?
– एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर :

ताई, डबा अवश्य घ्यावा. आपल्या तिन्ही कामांना तो पुरेसा आहे आणि पस्तीस हजारांत मॉनिटर व यूपीएससकट सगळे बसवता येईल. मात्र कोणता डबा घ्यावा, हे त्याच्या आकारावरून किंवा चकाकीवरून ठरवू नये. ते आतल्या प्रोसेसरच्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य चिपच्या, पिढीवरून ठरवावे, आणि आपल्या घरापुरते तर तो डबा मागांपासून किती दूर राहील, यावरूनही ठरवावे.

आधी आपल्या जुन्या संगणकाविषयी. तो सुरू व्हायला सात-आठ मिनिटे घेतो, याचे मुख्य कारण बहुधा त्यातील फिरती हार्ड डिस्क आहे. तिच्या जागी एसएसडी (आत काहीही न फिरणारी, जलद डिस्क) बसवली तर तोच संगणक मिनिटभराच्या आत उभा राहील, आणि चार-पाच वर्षांपूर्वी आपले पत्र आले असते तर मी हाच सल्ला दिला असता. आता तो देता येत नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि अकरा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. ज्या संगणकावर धंद्याचा हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे आणि बँकेचे व्यवहार होतात, तो सुरक्षेच्या दुरुस्त्यांवाचून चालवत राहणे योग्य नाही. म्हणून त्याच्यावर आणखी खर्च करू नये.

दुकानदारांचा टॉवरचा आग्रह निराधार नाही, हेही सांगितले पाहिजे. टॉवरचा पॉवर सप्लाय किंवा मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) गेला तर तो सोलापुरातच त्याच दिवशी बदलून मिळू शकतो. छोट्या डब्याचा मदरबोर्ड गेला तर त्याच मॉडेलचा बोर्ड शोधत बसावे लागते आणि पुष्कळदा सगळा डबाच बदलणे स्वस्त पडते. परंतु टॉवरचा खरा उपयोग ज्यांना मोठे ग्राफिक्स कार्ड बसवायचे असते त्यांना. आपल्या घरी तसे काम दिसत नाही. लॅपटॉप घरात एकाच टेबलावर राहणार असेल, तर त्याच्या बॅटरीचे आणि लहान पडद्याचे पैसे देण्यात अर्थ नाही. शिवाय दुपारी भजने आणि संध्याकाळी हिशेब असा तिघांचा वापर असताना मोठा पडदा व वेगळा कीबोर्ड मानेला सोयीचा पडतो. भाच्याला वाईट वाटू देऊ नये. वसतिगृहात राहणाऱ्या मुलासाठी त्याचा सल्ला बरोबरच आहे.

आता डब्यांकडे येऊ. आपण पतसंस्थेत पाहिला तो बहुधा लेनोव्होचा थिंकसेंटर टायनी, डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो किंवा एचपीचा मिनी यांपैकी एक असावा. साधारण अठरा सेंटिमीटर लांब-रुंद आणि साडेतीन सेंटिमीटर जाड, म्हणजे आतली जागा एक लिटरच्या आसपास, म्हणून जाणकार त्यांना एक लिटरचे संगणक म्हणतात. मोठ्या कंपन्या आणि बँका हे हजारांनी घेतात, काही वर्षे वापरतात आणि मुदत संपली की एकदमच काढून टाकतात. हाच माल साफसफाई होऊन बाजारात ‘रिफर्बिश्ड’ म्हणून येतो. हे संगणक दिवसभर चालवण्याच्या हिशेबाने बांधलेले असतात, मागचा एखादा स्क्रू काढला की झाकण सरकते, आणि आत लॅपटॉपला लागते तीच रॅम (चालू कामापुरती स्मृती) लागत असल्यामुळे ती पुढे वाढवता येते. माझ्या मते आपल्या अंदाजपत्रकात याहून भक्कम वस्तू नवी मिळणार नाही. याच कंपन्यांचे नवे छोटे संगणकही चांगले असतात. पण त्यांतला बरा घेतला की मॉनिटर आणि यूपीएससाठी फारसे काही उरत नाही.

खरी गोम पिढीत आहे. डब्यावर किंवा बिलावर ‘कोअर आय५’ एवढेच लिहिलेले असेल तर ते काहीच न लिहिल्यासारखे आहे, कारण आय५ हे नाव इंटेल कंपनीने २००९ पासून पिढ्यान्‌पिढ्या चालवले आहे. पूर्ण क्रमांक विचारावा. तो आय५-६५००टी असा असेल, तर आडव्या रेघेनंतरचा पहिला आकडा ६, म्हणजे सहावी पिढी. आय५-८५००टी असेल तर आठवी. आय५-१०५००टी असा पाच आकड्यांचा क्रमांक असेल तर पहिले दोन आकडे वाचावेत, म्हणजे दहावी. शेवटचा ‘टी’ म्हणजे कमी विजेवर चालणारा ३५ वॅटचा प्रकार. छोट्या डब्यात तोच हवा. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी ही उंबरठ्याची पायरी आहे. एएमडी कंपनीचा रायझन असल्यास ३००० मालिकेपासून पुढचा घ्यावा. सहाव्या-सातव्या पिढीचे डबे दोन-चार हजारांनी स्वस्त सांगितले जातात आणि त्यांवर नियम चुकवून विंडोज ११ चढवूनही दिले जाते. ते चालतेही; पण अशा संगणकांना पुढील अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आठव्या पिढीत आणखी एक मोठा फरक पडला : सहाव्या-सातव्या पिढीत या वर्गातील आय५ ला चार कोअर (चिपमधील स्वतंत्रपणे काम करणारे भाग) होते, ८५००टी ला सहा आहेत. म्हणून या दोन-चार हजारांची बचत आपण करू नये.

दुसरा पर्याय नव्या, तळहातावर मावणाऱ्या डब्यांचा, ज्यांत इंटेलचा एन१०० हा प्रोसेसर असतो. २०२३ च्या जानेवारीत आलेला हा चार कोअरचा प्रोसेसर नावापुरता सहा वॅटचा आहे, आणि टॅली, ब्राउझर व यूट्यूब एवढ्यांना तो व्यवस्थित पुरतो. वीज तर इतकी कमी घेतो की काही डब्यांत पंखाही नसतो. तरीही मी तो आपल्यासाठी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. त्यांतल्या पुष्कळ डब्यांवरची नावे आज आहेत, उद्या नाहीत. रॅमसाठी एकच खाच असते किंवा रॅम बोर्डालाच जोडून टाकलेली असते, आणि बिघाड झाल्यावर डबा कोणत्या गावी पाठवायचा, याचे उत्तर विकणाऱ्याकडेही नसते. एखाद्या परिचित कंपनीचा, भारतात सेवा देणारा आणि रॅम बदलता येणारा एन१०० मिळाला, तर घ्यायला हरकत नाही. ॲपलचा मॅक मिनी आपल्या मुलाने सुचवलाच असेल. वस्तू उत्तम आहे, पण २०२४ चे मॉडेल भारतात ५९,९०० रुपयांना आले आणि त्यावर टॅली थेट चालत नाही. तेवढ्यावर तो विषय मिटतो.

रॅम १६ जीबी मागावी, तीही आठ-आठच्या दोन पट्ट्यांत, कारण या संगणकांत चित्राचे कामही त्याच रॅमवर चालते आणि दोन पट्ट्यांचा त्याला लाभ होतो. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत; म्हणून १६ जीबी हाताबाहेर जात असेल तर आठची एक पट्टी घेऊन दुसरी खाच मोकळी ठेवावी. टॅलीला आणि शिकण्यापुरत्या पायथनला आठही पुरते; एकाच वेळी टॅली, ब्राउझरची दहा पाने आणि भजन असे सुरू राहिले की ती कमी पडू लागते. एसएसडी २५६ जीबीची पुरे, कारण टॅलीचा अनेक वर्षांचा डेटाही फारशी जागा खात नाही.

दुकानात गेल्यावर अर्धा तास काढून बसावे आणि मुलाला बरोबर न्यावे. डबा सुरू करण्यापूर्वी अडॅप्टर हातात घेऊन त्यावरील बारीक अक्षरे वाचावीत : कंपनीचे नाव डब्यावरचेच आहे का, आणि आयएसआय धर्तीच्या चिन्हाजवळ आयएस १३२५२ व ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहावे. जुन्या मालात डबा खरा आणि अडॅप्टर नकली, असे सर्रास आढळते, आणि काही कंपन्यांचे संगणक अनोळखी अडॅप्टर लागला की आपला वेग आपणच कमी करतात. मग ग्राहक प्रोसेसरला दोष देत राहतो. नंतर संगणक सुरू करताना लेनोव्हो असल्यास एफ१, डेल असल्यास एफ२, एचपी असल्यास एफ१० ही कळ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, शिरावे. तिथे पासवर्ड मागितला, तर तो डबा आधीच्या कंपनीच्या कुलपासकट आपल्याकडे आला आहे असे समजावे आणि परत ठेवावा. विंडोज सुरू झाल्यावर सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनचे पान उघडून परवाना डिजिटल आहे की एखाद्या संस्थेच्या नावाचा आहे, हे पाहावे. मोठ्या कंपन्यांच्या मूळ डब्यांत विंडोजची किल्ली बायोसमध्येच साठवलेली असते, त्यामुळे ‘आमच्यासमोर नवीन विंडोज टाकून द्या, किल्ली घालू नका’ असे सांगितले की खरे-खोटे आपोआप उघड होते. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर एसएसडी किती तास चालली आहे आणि तिचे आयुष्य किती टक्के उरले आहे, ते दाखवते. शेवटी यूट्यूबवर एखादे भजन वीस मिनिटे लावून ठेवावे आणि पंख्याचा आवाज ऐकावा. घरघर किंवा टिकटिक येत असेल तर पंखा बदलून मागावा.

वाय-फायचे मुद्दाम विचारावे. कार्यालयांत केबलने जोडलेले असल्यामुळे यांतल्या अनेक डब्यांत वाय-फायचे कार्डच नसते, आणि हे घरी आल्यावर कळते. बिल जीएसटीचे घ्यावे, त्यावर सिरियल क्रमांक लिहून घ्यावा आणि वॉरंटी किती महिन्यांची, ती दुकानातच मिळणार की डबा अडीचशे किलोमीटरवरील पुण्याला पाठवावा लागणार, हे त्याच बिलावर लिहून मागावे. आपली जीएसटी नोंदणी असून संगणक धंद्याच्या हिशेबासाठी घेतला जात असेल, तर बिल त्या क्रमांकावर घ्यावे आणि १८ टक्के कराच्या वजावटीविषयी आपल्या कर सल्लागारांना विचारावे. ऑनलाइन दोन हजारांनी स्वस्त मिळाले तरी पहिला जुना संगणक आपण शहरातल्याच दुकानातून घ्यावा, असे माझे मत आहे. आमने-सामने बसून पाहिलेल्या वस्तूची गोष्ट वेगळी असते.

आता आपण विचारलेला उन्हाळ्याचा प्रश्न. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तरीही मला आपल्या घरी उन्हापेक्षा मागांची अधिक काळजी वाटते. साखर पेठेतील माझ्या मावसभावाच्या घरी खाली माग आणि वर राहणे आहे. त्याचा असाच एक लिटरचा संगणक वर्षभरात दुपारी रडतखडत चालू लागला. झाकण सरकवून पाहिले तर पंखा फिरत होता, पण त्याच्यापुढच्या तांब्याच्या जाळीवर सुताचे तंतू आणि धूळ मिळून घोंगडीसारखा एक जाडसर थर बसला होता. चिमट्याने कोपरा धरून ओढला तर तो अखंड निघाला, अगदी टॉवेलच्या चिंधीसारखा. थर निघताच ९० अंशांवर गेलेला प्रोसेसर त्याच कामाला साठ-पासष्ट अंशांवर आला. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि घरचे लोक समजतात संगणक जुना झाला.

म्हणून आपले टेबल ज्या खिडकीखाली आहे ती मागांच्या बाजूची असेल, तर टेबलाची जागा बदलावी. डबा आडवा न ठेवता स्टँडवर उभा करावा, हवा आत घेणाऱ्या बाजूला चार बोटे मोकळी जागा राहू द्यावी, आणि धूळ बसू नये म्हणून त्यावर क्रोशाचा रुमाल घालण्याचा मोह टाळावा. दर दोन-तीन महिन्यांनी संगणक बंद करून, वायर काढून, झाकण उघडावे. पंख्याची पाती बोटाने धरून मऊ ब्रशने जाळी झाडावी. पाती न धरता जोराने फुंकर मारली तर पंखा उलटसुलट गरगर फिरतो आणि त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. मॉनिटरच्या मागे डबा लावण्याची पतसंस्थेतली पद्धत जागा वाचवते, पण त्यासाठी मॉनिटरला १०० गुणिले १०० मिलिमीटर अंतरावरची चार भोके लागतात, आणि काही मॉनिटरांत नेमकी तीच भोके त्याच्या पायासाठी वापरलेली असतात. शिवाय मागे लावलेला डबा साफ करायला कोणी काढत नाही. आपल्या घरी तो डोळ्यांसमोर असलेला बरा.

विजेच्या बाबतीत छोट्या संगणकाची बाजू मोठी आहे. जुना टॉवर ७० वॅट आणि हा २० वॅट घेतो असे धरले, तर रोज आठ तासांच्या वापरात महिन्याला बारा युनिटांचा फरक पडतो. त्याहून मोठा लाभ यूपीएसमध्ये दिसतो. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर हा डबा आणि २२ इंची मॉनिटर मिळून पन्नासेक वॅटच पडत असल्यामुळे नव्या बॅटरीवर अर्धा तास तरी सहज निघतो. वीज गेल्यावर टॅली नीट बंद करून उठायला एवढा वेळ भरपूर आहे. घरात इन्व्हर्टर असल्यास त्याच्या पाठीमागचे बटण यूपीएस मोडवर आहे का, ते पाहावे. दुसऱ्या मोडमध्ये वीज पालटायला क्षणभर जास्त लागतो आणि तेवढ्यात संगणक बंद पडतो. आणखी एक : डब्याच्या धातूला हात लावला की झिणझिण्या आल्या, तर डब्याला दोष देण्यापूर्वी अर्थिंग तपासून घ्यावे. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी घालावे लागते, आणि आपल्याकडे नळाला पाणी येण्याचा दिवस पाहूनच ते घालावे लागेल, हे मला ठाऊक आहे.

पैशांची विभागणी मी अशी करीन : संगणकाला साधारण सोळा-सतरा हजार, २२ इंची फुल एचडी मॉनिटरला सात-आठ, यूपीएसला तीन, कीबोर्ड-माउस व केबलला हजार-दीड हजार, उरलेले स्पीकर आणि अडीअडचणीसाठी. स्पीकर लागतीलच, कारण डब्यातील आवाज सूचनेच्या टिंग-टिंगपुरता असतो, त्यावर भजन ऐकणे म्हणजे शिक्षा. केबल घेताना डब्याच्या पाठीमागे पाहावे. अनेक डब्यांना एचडीएमआय नसून डिस्प्लेपोर्ट असतो आणि त्यासाठी वेगळी केबल लागते.

प्रिंटरचेही असेच आहे. आपल्या डॉट मॅट्रिक्सला चौकोनी यूएसबीची खाच असेल तर काही करावे लागणार नाही. रुंद, छत्तीस पिनांचा जुना पॅरलल पोर्टच असेल, तर नव्या डब्याला तो नाही. यूएसबी ते पॅरलल अशी केबल घ्यावी लागेल. ती विकत घेण्यापूर्वी प्रिंटर दुकानात नेऊन टॅलीतून एक चलन छापून पाहावे, कारण या केबलींत चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या अशा दोन जाती असतात आणि त्या दिसायला सारख्याच असतात.

नवा संगणक घरी आल्यावर जुना लगेच भंगारात देऊ नये. टॅलीचा परवाना त्या यंत्राशी बांधलेला असतो. जुन्या संगणकावर इंटरनेट जोडून टॅलीतूनच तो परवाना ‘सरेंडर’ करावा आणि मग नव्यावर सुरू करावा. त्याआधी सर्व कंपन्यांचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्यावा, तो नव्या संगणकावर उघडून शेवटच्या चलनाचा क्रमांक आणि बँकेची शिल्लक जुळते का, ते पाहावे. हे काम मार्चच्या शेवटच्या आठवड्यात काढू नये. सगळे जुळले आणि आठ-पंधरा दिवस नव्यावर सुरळीत गेले, की जुन्याची हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवावी आणि उरलेला सांगाडा खुशाल द्यावा.